पुसल्याची वही

त्याचं पहिलं अक्षर मी पुसलं तेव्हा
तो सोळा वर्षांचा असेल, आणि मी पालिकेत नवी.
थेस्सालोनिकी, गोदीमागची भिंत.
एकच शब्द, घाईतला: अलाती.
आमच्या भाषेत मीठ.
कॅन फार जवळ धरला होता पोराने,
शेपटीपासून रंग लाळेसारखा गळत होता.
वहीत लिहिलं:
दीड चौरस मीटर. थिनर अर्धा लिटर. पुसले.

मग एकोणीस वर्षं तो रात्री, मी सकाळी सातला.
चेहरा पाहिला नव्हता, पण हात ओळखायचे.
ओघळ थांबले त्या हिवाळ्यात कळलं,
आता कॅन वीतभर लांब धरतो.
मग रेषा केसाएवढी झाली.
म्हणजे नोझल बदललं.

एकदा कचऱ्याच्या डब्यामागे त्याचा छापा सापडला,
एक्स-रेच्या फिल्मवर कापलेला.
उजेडाकडे धरला:
कुणाच्या तरी बरगड्या,
आणि बरगड्यांच्या मधोमध
पाकोळीएवढं भोक.
(आई इस्पितळात एक्स-रे काढायची म्हणे.
हे कोर्टात कळलं, दंड झाला तेव्हा.)

दंडानंतर कागद आले.
पुरुषभर उंच, रात्रभर घरी रंगवलेले,
पाच मिनिटांत चिकटवून पसार.
खळ मैद्याची, त्यात साखर.
कुत्री भिंत चाटत उभी असायची.
कागद अख्खा सोलून निघू नये म्हणून
तो ओल्यावरच ब्लेडने चिरा मारायचा.
मी गरम पाणी, खरवडणी, आणि शिव्या.
तिळाची कडी विकणाऱ्या म्हाताऱ्या व्हासोचा
फक्त कान काढायला मला पाऊण तास लागला.

आमच्या कोठारात तीन करडे रंग,
भिंतीशी एकही जुळत नाही.
मी पुसलं की चौकोन उरतो, ठिगळासारखा.
एका पहाटे त्या ठिगळाला त्याने
पडदा काढला, खिडकीची कडी काढली,
आणि आत पाठमोरी एक बाई
खांद्यावर बादली घेऊन.
मी बराच वेळ उभी होते.
मग वहीत लिहिलं. पुसले.
पगार पालिकेचा. खाल्ल्या मिठाला जागायचं
की भिंतीवरच्या?

आता त्याचं नाव आर्गिरिस आहे, पूर्ण, आडनावासकट.
रॉटरडॅमला बोलावतात, तिबिलिसीला बोलावतात.
गेल्या वर्षी पालिकेनेच आठ मजली भिंत दिली,
वर चढायला क्रेन.
आधी भिंतभर गिचमिड केली त्याने:
मासे, आकडे, दोन अस्सल शिव्या.
त्याचा फोटो घेऊन त्यावर चित्र ठेवलं,
म्हणजे पापणी कुठे, तर त्या माशाच्या शेपटीशी.
अकरा दिवसांत शिव्या झाकल्या गेल्या.
मला लेखी हुकूम: हे पुसायचं नाही.
यावर कुणी काही काढलं, तर तेवढंच पुसायचं.

मे महिन्यात कुणीतरी काढलं.
खालच्या कोपऱ्यात एक नाव, ओघळलेलं.
कॅन फार जवळ धरलेला.
आर्गिरिस तिथेच होता, म्हणाला, राहू दे.
मी म्हटलं, तुझं कुठे राहू दिलं होतं?
तो हसला नाही.
अर्धा लिटर लागलं.

परवा संग्रहालयाची इफिगेनिया आली,
पातळ चष्मा, ओला झालेला कोट.
सुरुवातीची कामं हवीत. फोटो? नाहीत.
त्याच्याकडे? त्यालाही आठवत नाहीत.
मग मी वह्या टेबलावर ठेवल्या. सात वह्या.
तारीख, गल्ली, चौरस मीटर, पुसले.
ती बोटाने ओळी मोजत राहिली,
जणू पंचांगात मुहूर्त शोधतेय.

दोन हजार तीनशे चौदा नोंदी.
त्यातली एक खोटी आहे.
तिथे पुसले लिहिलंय, आणि पुसलेलं नाही.
जिन्याखाली, पाण्याच्या मीटरमागे,
वाकल्याशिवाय दिसत नाही.
कुठली गल्ली, हे तिने तीनदा विचारलं.
मी कॉफी गाळत होते.